तिसरा महिना हातचा घालवू नका

रेडिओवर बोलायला विषय दिला आहे, ‘पस्तिशीनंतरच्या गरोदरपणातील तपासण्या’. तपासण्या पुष्कळ आहेत. रक्तगट, हिमोग्लोबिन, लघवी, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ ब. आशाताई तुम्हाला त्या सांगतातच. मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती पुन्हापुन्हा सांगणार आहे, कारण आत्ता कोणाच्या तव्यावर भाकरी असेल, कोणाच्या कुकरची शिट्टी होत असेल. पहिल्या तपासणीला तिसरा महिना संपायच्या आत या.

उशीर कोणाला होतो? विशी-पंचविशीतली सून पाळी चुकली की लगेच सांगते. अडतीस वर्षांची बाई सांगत नाही. थोरली मुलगी दहावीला असते, मग लाज वाटते. नाहीतर ती धरून चालते, की आता पाळी जायचंच वय आलं. पोट दिसायला लागल्यावर ती येते. शेवटची पाळी कधी आली होती विचारलं, तर ‘नागपंचमीच्या आधी, सोमवार होता’ इतकं नेमकं सांगते! हिशेब सगळा डोक्यात असतो बाईच्या, दवाखाना तेवढा राहिलेला असतो.

आणि सासूबाई, तुम्हीही ऐका. तीन महिने कोणाला सांगायचं नाही, ही आपली रीत. नका सांगू शेजारी. पण डॉक्टर काही शेजारी नव्हे.

शेतकऱ्याच्या घरात वाफसा समजावून सांगावा लागत नाही. पाऊस उघडल्याबरोबर तिफण घातली तर फणाला चिखल चिकटतो, फार थांबलं तर ओल उडते. मधले दिवस आपले. गर्भाचा वाफसा 11 आठवडे पूर्ण झाल्यापासून 13 आठवडे 6 दिवसांपर्यंत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून. या दिवसांत सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचं, त्वचेखालचं पाणी मोजतात. आधी बाळ फार लहान असतं, आणि नंतर ते पाणी जिरून जातं. मग मशीन कितीही भारी असो, ते वाढलं होतं की नव्हतं, कळायला मार्ग नाही. सोबत रक्ताची डबल मार्कर तपासणी करतात. दोन्हींवरून डाउन सिंड्रोमची शक्यता किती, ते समजतं. शक्यता म्हणाले मी. निदानासाठी पुढची तपासणी वेगळी असते. आईचं वय पंचवीस असताना साधारण साडेबाराशे बाळांत एकाला हा दोष असतो, पस्तिशीला साडेतीनशेत एकाला, चाळिशीला शंभरात एकाला. घाबरलात ना? उरलेली नव्याण्णव मोजा की.

या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी, ते विचारायचं नाही. 1994 चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी विचारू नये.

पेरणीच्या आधी नांगरट, कुळवणी होते. ती म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि दिवस राहायच्या आधीपासून. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती पाळी चुकल्यापासून दोनेक आठवड्यांत मिटते. म्हणजे बातमी घरात पोचेपर्यंत नांगरटीचे दिवस सरलेले असतात. मधुमेह असेल किंवा आधीच्या बाळात मणक्याचा दोष असेल, तर मात्रा जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतील.

साखरेची तपासणीही पहिल्याच भेटीत. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा वर आली तर उपचार. आज बरी आली तरी सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला खास तपासणी असते, ती चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी. पहिल्या तपासणीसाठी त्या तारखेची वाट पाहत बसू नका. पुन्हा सांगते, तिसरा महिना संपायच्या आत.

चाळिशीला बीपी वाढायची धास्ती जास्त. जिला ती धास्ती आहे, तिला डॉक्टर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी देतात. ती 16 आठवड्यांच्या आत सुरू झाली पाहिजे. पाचव्या महिन्यात आलेल्या बाईला ती देऊन... असो, काचेपलीकडून खूण झाली. एवढंच सांगते. बीपीच्या, थायरॉइडच्या ज्या गोळ्या आधीपासून घेताय, त्यांची पाकिटं घेऊन या. काही गोळ्या बदलाव्या लागतात, काहींचा डोस वाढतो. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.