स्लीपरच्या डब्यातली रात्र



गणपतीला, शिमग्याला किंवा घरच्या कार्याला मुंबईहून कोकणात जाणाऱ्या माणसाला रात्रीची गाडी सोयीची पडते. दिवस वाया जात नाही, रजा वाचते. कोकणकन्या एक्सप्रेस रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. खेड, चिपळूण अंधारातच मागे पडतात, रत्नागिरी पहाटे येते, सावंतवाडी सकाळी आणि मग मडगाव. या गाडीच्या स्लीपर डब्यात माणसाला झोप मिळते ती कशी, आणि ती मिळावी म्हणून कोणी काय केलं, कोण काय करतं, हे आज सांगायचं आहे.

सुरुवात गादीपासून करू. आपण बर्थवर अंग टाकतो तेव्हा खाली मऊ लागतं, हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण एके काळी तिथे नुसत्या लाकडी फळ्या होत्या. १९७४ साली तिसरा वर्ग बंद झाला. बंद झाला म्हणजे डब्यावरचं नाव बदललं. फळ्या त्याच राहिल्या. रात्रभर त्यांवर पडून सकाळी उतरणाऱ्याची कंबर काय म्हणत असेल, ते जुन्या लोकांना विचारा.

१९७७ साली प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. मूळचे नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेले, आणि राजापूरचे खासदार. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमधल्या या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या वर्गाचं काही काढून घ्यायचं नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं, ही त्यांची भूमिका. मला हा भारतीय रेल्वेतला सगळ्यात माणुसकीचा निर्णय वाटतो. कारण ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याच्याच अंगाला प्रवास जास्त टोचतो, आणि त्याची दखल मंत्रालयात बसून घेतली गेली. ज्या राजापूरच्या लोकांनी त्यांना पुन्हापुन्हा निवडून दिलं, त्यांच्या दाराशी तेव्हा रेल्वेच नव्हती. तिच्यासाठी दंडवते वर्षानुवर्षं भांडले. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. १९९८च्या जानेवारीत मार्ग पूर्ण खुला झाला.

अलीकडे कित्येक गाड्यांतले स्लीपरचे डबे कमी होऊन त्या जागी वातानुकूलित डबे लागले. एसीत सुख आहे, नाही कोण म्हणतं? पण चार माणसांचं कुटुंब घेऊन गावी जाणाऱ्याला दोन तिकिटांतला फरक बघावाच लागतो. गादी मिळाली, आता त्या गादीपर्यंत पोहोचायला डबाच उरला नाही, असं होता कामा नये.

आता डब्यात चढू. जुन्या निळ्या डब्यात ७२ बर्थ असायचे, नव्या एलएचबी डब्यात ८० असतात. आठ-आठ बर्थचा एक कप्पा. तिकिटावरच्या आकड्याला आठने भागा: बाकी एक किंवा चार उरली तर खालचा, दोन किंवा पाच तर मधला, तीन किंवा सहा तर वरचा. सात उरले तर बाजूचा खालचा, आणि पूर्ण भाग गेला तर बाजूचा वरचा. आरएसी तिकीट असेल तर बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी मिळून बसायचं. अनोळखी दोन माणसं रात्रभर पाय आखडून, एकमेकांना जागा करून देत बसतात, आणि सकाळी एकमेकांच्या गावाची चौकशी करूनच उतरतात.

खरा कस लागतो तो मधल्या बर्थचा. तो उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही, आणि मिटला तर मधल्याला झोपता येत नाही. म्हणून वेळ ठरवून दिली आहे: रात्री दहा ते सकाळी सहा. त्याच्या आधी आणि नंतर खालच्या बर्थवर सगळ्यांनी बसायचं. आजारी माणूस किंवा गरोदर बाई असेल तर इतरांनी सांभाळून घ्यायचं. कोकणकन्या सुटते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात, त्यामुळे ठाणं येईपर्यंत बर्थ वर जातातच. वर चढवताना एकाने बर्थ धरायचा आणि दुसऱ्याने साखळी अडकवायची. अडकवल्यावर हाताचा भार टाकून बघा, मगच झोपा. हे दोन सेकंदांचं काम कधीही टाळू नका, खाली कुणाचं तरी डोकं असतं.

स्लीपरमध्ये चादर-उशी मिळत नाही, आपली आपण न्यायची. पावसाळ्यात खिडकीचं शटर आधीच खाली ओढून ठेवा. तिरपी सर आली की खालचा बर्थ पाच मिनिटांत ओला होतो.

आणि आपण घोरत असताना बाहेर काय चाललेलं असतं? वीरच्या पुढे मार्ग बहुतेक एकेरी आहे. समोरून गाडी येणार असेल तर आपली गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतात. जाग आली आणि गाडी उभी दिसली, की वर झोपलेला कोणीतरी सांगतो, क्रॉसिंग आहे. समोरची गाडी धडधडत निघून जाते, सिग्नल मिळतो, आपण निघतो. त्या आडबाजूच्या स्टेशनात मास्तर जागा असतो, हिरवा दिवा घेऊन उभा असतो.

पावसाळ्यात आणखी माणसं जागी असतात. सह्याद्रीचे डोंगर कापून नेलेला हा मार्ग. दरड कोसळायची भीती कायमची. म्हणून पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं, गाड्या सावकाश. पाऊस जोराचा आणि पुढचं दिसेनासं झालं, तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, अशी चालकांना सूचना असते. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आहे. वारा हाताबाहेर गेला तर गाडी थांबवतात. पण यंत्रापेक्षा मला मोलाचा वाटतो तो गस्तवाला. अंगावर रेनकोट, हातात बत्ती, पिशवीत रुळावर लावायचे फटाके, आणि नेमून दिलेला टप्पा पायी तुडवायचा. कटिंगमध्ये दगड घरंगळून आला, रुळाखालची खडी वाहून गेली, तर लाल दिवा दाखवून, फटाके लावून गाडी अडवायची. फटाका चाकाखाली फुटला की चालकाने गाडी थांबवायची, असा नियम. पावसाळ्यात कोकणकन्या तासभर उशिरा आली म्हणून बोटं मोडण्याआधी या माणसाची आठवण ठेवा.

शेवटचं, उतरण्याबद्दल. खेड, चिपळूणला गाडी काही मिनिटंच थांबते, बाहेर काळोख असतो, आणि झोपेत स्टेशन चुकलं तर परतीची गाडी हाताशी नसते. १३९ या क्रमांकावर रेल्वेची सोय आहे. पीएनआर सांगून ठेवला तर स्टेशन येण्याआधी तुमच्या मोबाईलवर फोन येतो. मोबाईल मात्र संध्याकाळीच पूर्ण चार्ज करा, कारण रात्री उशिरा डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात. आणि सामान निजण्याआधीच बांधून बर्थखाली एका बाजूला लावा, म्हणजे उतरताना अंधारात चाचपडत शेजाऱ्याची झोप मोडावी लागणार नाही.