आमचे आवडते स्वरसंघ
(महोत्सवप्रसंगी गायकवृंदापुढे केलेले भाषण)



गीतरचनेत स्वरसंघांची कोणती चाल आम्हांस विशेष प्रिय आहे, असे आमच्या गायकवृंदाने विचारले आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु आपल्या मंदिरातील मराठी गायन पुढे कसे राहील, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

तीन वा अधिक स्वर एकदम वाजविले असता जो समूह होतो, त्यास कॉर्ड म्हणतात. सा, ग, प हा पहिला. म, ध आणि वरचा सा हा चौथा. प, नी आणि वरचा रे हा पाचवा. पहिला म्हणजे घर. पाचव्यातील निषाद वरच्या षड्जास अगदी लागून असतो, म्हणून त्यास घराची ओढ अनावर असते. स्वरसंघांची ही सारी व्यवस्था फ्रान्सच्या राम्यो ह्याने १७२२ साली आपल्या ग्रंथात मूळ स्वरावरून लावून दाखविली.

चौथ्यावरून पहिल्यावर येण्याची रीत निराळी आहे. तीत निषाद नाही, म्हणून ओढाताणही नाही. षड्ज जागचा हलत नाही. धैवत पंचमावर आणि मध्यम गंधारावर अलगद उतरतो. इंग्रजी स्तोत्रांच्या अखेरीस ‘आमेन’ ह्याच चालीने गात असत, यास्तव तीस आमेनचा विराम असे नाव पडले. आमची पहिली आवड ती हीच.

दुसरी आवड जर्मनीच्या पाखेल्बेल (१६५३–१७०६) ह्याच्या प्रसिद्ध कॅननमधील. पहिला, पाचवा, सहावा, तिसरा, चौथा, पहिला, चौथा, पाचवा, अशी ही आठांची माळ. वर तीन व्हायोलिने एकामागून एक तीच चाल वाजवितात, आणि खाली खर्जाचे वाद्य तेच आठ स्वर २८ वेळा वाजविते. ही रचना १९१९ साली प्रथम छापली गेली आणि १९६८ च्या पेयार ह्यांच्या ध्वनिमुद्रिकेनंतर जगभर पोहोचली. वाहवा व्हायोलिनांची होते. पण खर्ज क्षणभर थांबला तर तिघांचाही आधार तुटेल. मागील रांगेत उभे राहून खालचा सूर धरणाऱ्या आपल्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. आपली तरुण मंडळी गिटार घेऊन उत्साहाने येतात, ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु पहिला, पाचवा, सहावा, चौथा ही एकच माळ ती प्रत्येक गीताच्या गळ्यात घालतात. पाश्चात्त्य चालीस ती शोभेल. भूप रागातील भजनास शोभणार नाही. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. चौथा स्वरसंघ वाजविला की मध्यम आला; पाचवा वाजविला की निषाद आला. गाणारा भूप गातो आणि वाजविणारा तो मोडतो! मग वृद्ध मंडळी म्हणतात, गिटार बंद करा. तरुण म्हणतात, भजने बंद करा.

दोन्ही बंद करण्याचे कारण नाही. भूपात दोन स्वरसंघ मूळचेच पूर्ण आहेत : सा, ग, प आणि ध, सा, ग. ह्या दोहोंतच फिरावे. भैरवात ऋषभ कोमल असल्याने पाचवा स्वरसंघ कर्कश होतो. तेथे केवळ सा आणि प धरून राहावे. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) ह्यांनी रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद ह्यांची सांगड घालण्यासाठी मुंबईत परिश्रम केले. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयी लिहिताना ऑर्गनास मान दिला, आणि त्याचबरोबर देशोदेशींच्या संगीतपरंपरेस योग्य स्थान द्यावे असेही सांगितले.

तेव्हा आमची विनंती इतकीच की, नवे गीत हाती आले म्हणजे ते प्रथम नुसत्या षड्जपंचमावर गावे. त्यातील स्वर कागदावर मांडावेत आणि मगच स्वरसंघ निवडावेत. शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोहोचले पाहिजेत. त्यांस झाकून टाकील असा स्वरसंघ, कितीही आवडता असो, सोडून द्यावा. येत्या रविवारच्या तालमीस वृद्ध व तरुण दोघांनीही यावे, आणि प्रारंभ भूपापासूनच करावा. प्रभू आपल्या गायकवृंदास आशीर्वाद देवो.