आधी मोजा, मग खोला

तुर्भे म्हटलं की बहुतेकांना घाऊक बाजारातला कांदा-बटाटा आठवतो. मला आठवतो गरम तेलाचा वास. बी.ए. झाल्यावर 1996 साली ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी कारकून म्हणून लागलो. तिथं पत्रा दाबणारा एक हायड्रॉलिक प्रेस होता. सकाळी तो झपाझप चाले. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र रेंगाळू लागे.

"पोरानं मशीन खेचून चालवलं, पंप गेला," साहेबांनी निकाल दिला. नव्या पंपाच्या मागणीचा कागद माझ्याकडे आला. पैसे ऑपरेटर पोराच्या पगारातून कापायचं ठरलं. आमच्या म्हाताऱ्या फिटरना सगळे चाचा म्हणत. ते म्हणाले, "शायर, आजचा दिवस कागद थांबव. दुखणं मोजू तरी दे."

पंप दाब तयार करत नाही. तो तेल ढकलतो. तेलाला अडथळा झाला की दाब निर्माण होतो. म्हणून नुसत्या दाबाच्या काट्यावरून पंपाची प्रकृती कळत नाही. तेल किती येतं, किती तापतं, हेही पाहावं लागतं. तेही तक्रार असते त्याच वेळी, भाराखाली.

चाचा दुपारपर्यंत थांबले. मशीन बंद करून, दाब पूर्ण उतरवूनच त्यांनी प्रवाहमापक जोडला. कारण दाबाखालच्या तेलाची बारीक धारही कातडी भेदून आत शिरते. पंपाच्या तोंडाशी बिनभाराने मिनिटाला 40 लिटर, भाराखाली 38. म्हणजे पंप शाबूत! रिलीफ व्हॉल्व्हच्या पुढे मात्र भाराखाली जेमतेम 26. मग 12 लिटर गेलं कुठे? टाकीतलं तेल 62 अंश सेल्सिअस, आणि त्या व्हॉल्व्हमधून टाकीकडे परतणारा पाइप 70 अंश.

दाब मर्यादेबाहेर गेला तरच उघडणारी ही झडप सतत गळत होती. काम न करता फटीतून निसटणारं तेल तापतं, तापलं की पातळ होतं, आणखी गळतं. दुपारच्या सुस्तीचं कारण हेच. व्हॉल्व्ह खोलला, तर बैठकीत धातूचा कण अडकलेला. साफसफाई झाली, फिल्टर बदलला, प्रेस पूर्ववत चालू लागला.

गझलेची ओळ कुठे अडखळते ते मात्रा मोजल्यावर कळतं, हे मला ठाऊक होतं. माणसावर दोष ठेवण्याआधीही मोजावं लागतं, हे त्या दुपारी शिकलो. मागणीचा कागद मी फाडला. त्या महिन्यात पोराला पगार पुरा मिळाला.