रोजच्या बोलण्यातला भेद

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय साधा आहे. आपण रोज बोलतो त्यात भेद कुठे लपून बसतो, एवढेच पाहायचे. "गाव तिथे महारवाडा" ही म्हण सर्वांच्या कानावरून गेलेली आहे. अर्थ काय? तर चांगल्या जागी थोडे वाईट असायचेच. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी शेणाने सारवलेली घरे झाली वाईट! बरं, ही म्हण वापरणारा माणूस दुष्टच असतो असे नाही. चहा पिता पिता सहज बोलून जातो. शिवी दिली तर भांडता येते, फिर्याद करता येते. म्हणीशी कसे भांडणार?

गोड शब्दाचे तर आणखी अवघड. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला होता. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने हरकत घेतली. दादासाहेब गायकवाड बोलले, बाबासाहेब बोलले. सरकारपक्षाने बहुमताने ते फेटाळले, तेव्हा आपली माणसे सभागृहातून उठून गेली. शब्द वरून देवाचा होता. पण ज्याला तो लावायचा, त्याला कुणी विचारलेच नव्हते, खरा राग तिथे होता. पुढे १९८२ साली केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यावर हा शब्द लिहू नये असे कळवले. किती वर्षे गेली मधे, मोजा!

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण पाटी बदलली तरी "तिकडे खाली, त्यांच्यात" असे म्हणताना आवाज कसा होतो, तो ऐका. आवाजाला शासन निर्णय लागू होत नाही.

आता थोडे आपल्याकडे. राग मानू नका. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्या यादीत पुढे पारधीही आले. १९५२ साली कायदा रद्द झाला. तरी वस्तीत चोरी झाली की ओट्यावर बसल्या बसल्या पहिले नाव कुणाचे निघते? तांड्यावरचे लेकरू शाळेत गोरमाटी बोलले की हसणाऱ्यांत आपलीही लेकरे असतात. ज्यांनी शब्दांचा मार पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला, त्यांच्या घरात तरी हे नसावे, असे आम्हाला वाटते.

आणि हा जालना आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शेजारची खाला "नक्को" म्हणाली की कुणाला ते तोडून बोलल्यासारखे वाटते. अहो, तो आपलाच 'नको' आहे! दखनीने मराठीकडून घेतलेला. कान देऊन ऐकले तर घरचा शब्द सापडतो.

सळईच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे येतात, भट्टीसमोर उभी राहतात. त्यांना सरसकट 'भय्या' म्हणतात. त्यांच्या मुलखात भय्या म्हणजे भाऊ. इथे तोच शब्द झिडकारल्यासारखा फेकला जातो. बुद्धांनी सम्यक वाचा सांगताना खोट्या बोलण्याबरोबर 'फरुस वाचा', म्हणजे कठोर बोलणे, तेही सोडायला सांगितले. शब्द मऊ आणि आवाज कठोर असला, तर तोही त्यातच धरावा असे आमचे मत आहे.

येत्या पौर्णिमेला खीरदानाला त्या कामगारांना बोलवायचे मंडळाने ठरवले आहे. खोल्या-खोल्यांत जाऊन यादी करायला चार तरुण हवेत. यादीत 'भय्या, दोन नग' असे लिहून आणू नका. नाव विचारा, गाव विचारा, आणि तो सांगेल तसेच लिहा. ज्यांना जमेल त्यांनी आजच महिला मंडळाच्या ताईंकडे आपले नाव द्यावे.

नमो बुद्धाय. जयभीम.