आधी पाणी, मग मासे

आपण सगळ्या कामं आटोपून रेडिओजवळ बसल्या असाल, म्हणून थेट विषयालाच हात घालतो.

आमचा बचतगट मालवणच्या बाजूला पाहुण्यांसाठी न्याहारी-निवास चालवतो. पाहुणे येतात, त्यांची पोरं किनाऱ्यावर जातात आणि बाटलीत खेकडे, शंख, कधी प्रवाळाचा तुकडा भरून आणतात. संध्याकाळपर्यंत बाटलीतलं सगळं मेलेलं असतं. तेव्हा बैठकीत ठरलं की पडवीत खाऱ्या पाण्याची एक लहान काचेची टाकी ठेवायची. पोरांनी समुद्र तिथे बघावा. पैसे गटाच्या बचतीतले, त्यामुळे आम्ही दोन महिने नुसतं विचारत फिरलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

टाकी किती मोठी? दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच घ्या. त्यात दगड-वाळू धरून सत्तरेक लिटर पाणी राहतं. लहान बरणी स्वस्त पडेल असं वाटतं, पण थोडं पाणी लवकर बिघडतं आणि लवकर तापतं. भरलेली टाकी शंभर किलोच्या वर जाते, म्हणजे तांदळाच्या पन्नास किलोच्या दोन पोत्यांहून जास्त. डुगडुगतं टेबल चालणार नाही. खिडकीच्या उन्हातही ठेवू नका.

आता मीठ. पहिला प्रश्न सगळ्या हाच विचारतात, मिठागरातलं खडेमीठ चालेल का? नाही चालत. मिठागरात मिठाचे खडे धरतात तेव्हा मॅग्नेशियम मागच्या कडू पाण्यात राहून जातं. कॅल्शियमही बरंचसं आधीच खाली बसतं. माशांना समुद्रातलं सगळंच लागतं. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातलं सागरी मीठच आणावं लागतं. एक लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला अडीच किलो. रात्रभर पंप लावून ढवळायचं आणि खारटपणा मापकाने बघायचा. काटा 1.023 ते 1.025 च्या मध्ये हवा. जिभेवर चाखून हे कळत नाही.

खाडीचं पाणी फुकट आहे, पण पावसाळ्यात नदीच्या पाण्याने ते गोडं होतं, आणि होड्यांचं डिझेल असतं ते वेगळंच. गोडं पाणी घेताना आरओचं घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना बाधतं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. मासे त्याच दिवशी आणायचे नाहीत. दुकानदार टाकीबरोबर मासे देऊ करतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, मग काय हरकत, असं आपल्यालाही वाटतं. पण मासे घाण करतात, उरलेलं खाणं कुजतं, त्यातून अमोनिया होतो. तो विषारी असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. तो संपवणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात, ते दगड-वाळूवर हळूहळू वाढतात. दह्याला विरजण लागतं तसंच समजा, फक्त हे दही लागायला चार ते सहा आठवडे जातात.

तर मीठपाणी, सच्छिद्र दगड, वाळू आणि पंप चालू ठेवून त्यात सोललेल्या कोळंबीचा एक लहान तुकडा टाका. तो कुजला की अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं थोडं असलं तर मासे सोसतात. तपासणीचा संच दुकानात मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे आणायचे, त्याआधी नाही. या काळात शेजारणी रिकामी टाकी बघून हसतात. हसू द्या.

मासे कोणते? नवख्यांना क्लाऊन फिश बरा, पोरं ज्याला निमो म्हणतात तो. त्याला समुद्रफूल लागतंच असं नाही. सुरुवातीला दोनच आणा. पिशवी टाकीत तरंगत ठेवा, तासभर टाकीचं पाणी थोडं थोडं त्यात घाला, मग मासे जाळीने सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. या माशाची एक गंमत आहे. जोडीत मोठी असते ती मादी, आणि सत्ता तिची. ती मेली तर नराचीच मादी होते. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा अर्धा तास कामकाज झालं नाही.

विकत घेताना एवढं विचारा, मासा हॅचरीतला की समुद्रातून पकडलेला? हॅचरीतला टाकीला सरावलेला असतो, आणि प्रवाळावरचे मासे कमी होत नाहीत. आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानची क्लाऊन फिशची हॅचरी आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर बायका शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकल्या आहेत. प्रवाळ आणि समुद्रघोडा मात्र कोणी देऊ केला तरी घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, गटाच्या नावावर गुन्हा लागेल.

रोजची कामं थोडीच आहेत. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच घाला. काचेवर चिकटपट्टीने पाण्याची रेघ करून ठेवा. उन्हाळ्यात पाणी आटलं तर वरून गोडं पाणी घालायचं, खारं नाही. आमटी आटली की खारट होते, मीठ काही वाफेबरोबर जात नाही. आठवड्याला सात लिटर पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी घाला, त्याला पाव किलो मीठ पुरतं. हा खर्च कायमचा आहे, म्हणून ठराव करताना फक्त टाकीची किंमत लिहू नका. मीठ आणि वीजबिलही लिहा. ते झेपत नसेल तर टाकी घेऊच नका, असं आम्ही स्पष्ट सांगू.

घरात जपायचं ते असं. हाताला तेल-साबण असताना पाण्यात हात घालू नका. तांब्या-पितळेचं भांडं आत बुडवू नका, तांबं पाण्यात उतरतं. डासांचा फवारा त्या खोलीत मारायचाच नाही.

आणि वीज. पावसात ती जाणारच. बॅटरीवरचा हवेचा पंप आधीच घेऊन ठेवा. तो नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी टाकीतलंच पाणी प्लास्टिकच्या मगाने उंचावरून परत ओतत राहायचं. आमच्याकडे रात्रीच्या पाळ्या लावल्या आहेत, तक्ता टाकीशेजारीच टांगला आहे. टाकीतून काढलेलं जुनं पाणी भाजीच्या आळ्यात ओतू नका, आणि मासे नकोसे झाले तर खाडीत सोडू नका, दुकानात परत द्या.