समुद्रकाठच्या घराचा हिशेब



मी सातवी शिकलेली गृहिणी. मला भाषण येत नाही. पण घरखर्चाची वही मी रोज लिहिते. त्या वहीच्या आधारानेच दोन शब्द बोलते.

माझे धाकटे दीर अमेरिकेत फ्लोरिडाला असतात. गेल्या वर्षी त्यांनी कळवले, "वहिनी, अगदी समुद्रावर फ्लॅट मिळतो आहे. निम्मे पैसे तुम्ही घाला, भाडे येत राहील." ह्यांचे स्वेच्छानिवृत्तीचे पैसे नुकतेच हाती आले होते. हे तयारही झाले. मी एवढेच विचारले, "घेतल्यावर काय काय भरावे लागेल?"

भावजींनी खरेपणाने सांगितले. सोसायटीची वर्गणी दरमहा, घर बंद असले तरी. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. त्याचा विमा निराळा. घरपट्टीतली सूट तिथे कायम राहणाऱ्याला, भाड्याने देणाऱ्याला नाही. भाड्यावर तिथे कर, आणि आपल्या इथल्या विवरणपत्रातही ते घर दाखवायचे.

शिवाय २०२१ साली तिथल्या सर्फसाइड गावी समुद्रकाठची बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसे गेली. मोठी दुरुस्ती लांबणीवर पडली होती. म्हणून २०२२ साली कायदा झाला; तीन मजल्यांपासून वरच्या जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचा निधी सक्तीचा झाला. तो निधी शेवटी घरमालकांनीच भरायचा!

हे सारे वहीत मांडले, तेव्हा भाडे केव्हाच संपले. आम्ही नकार कळवला. भावजी थोडे नाराज झाले, पण मुलीच्या शिक्षणाचे पैसे जागेवर राहिले.

भगिनींनो, घराची किंमत सगळेच विचारतात. किल्ली हाती आल्यानंतरचा खर्च आपण विचारावा.