तीन खेळांची एक शर्यत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी येऊन बोलतात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आहे. मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. कोठे अडखळले तर सांभाळून घ्या. "त्या शर्यतीविषयी सांगा, बायका सारख्या विचारतात," असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच आहे. मंडईत भाजी निवडत असले तरी कोणी ना कोणी विचारतेच, "काय हो, या वयात हे काय काढलेत?" एकेकीला उत्तर देत बसण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदमच सांगते.

या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहायचे, पाण्यातून निघून ओल्या अंगानेच सायकलीवर बसायचे, आणि सायकल जागेवर ठेवली की पळत सुटायचे. मध्ये घड्याळ थांबत नाही. बुटाची नाडी बांधली, घोटभर पाणी प्याले, तरी तो वेळ शर्यतीतच धरतात. पुष्कळांना वाटते की ही लोखंडी माणसांची गोष्ट. ती निराळी. तिच्यात जवळजवळ ४ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर पळणे असते. ती १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाली, आणि पुढल्याच वर्षी लिन लेमेअर नावाच्या बाईने ती पुरी करून सर्वांत पाचवा नंबर मिळवला. तिला माझा नमस्कार. पण मी सांगणार आहे ती आखूड अंतराची. ऑलिंपिकमध्ये असते ती १५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणे अशी. तिच्या बरोबर निम्मी असते तिला स्प्रिंट म्हणतात, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. मी केली ती निम्मी.

हा खेळ काही पुराणकाळचा नव्हे. माझ्या भाचीने मला वाचून दाखवले त्यावरून सांगते. १९७४ च्या सप्टेंबरात, २५ तारखेला, बुधवारी संध्याकाळी, अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरी मिशन बे नावाच्या खाडीवर ही पहिली शर्यत झाली. तेथे पळणाऱ्यांचा एक क्लब होता. रोज तेच तेच पळून मंडळी कंटाळत, म्हणून जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन या दोघा सभासदांनी ही गंमत काढली. ४६ जण आले. त्या वेळी पळणे आधी आणि पोहणे शेवटी होते. मागची मंडळी पाण्यात असतानाच अंधार पडला, तेव्हा मोटारी आणून त्यांच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर सोडावा लागला म्हणे! आता पोहणे पहिले घेतात. दमलेले माणूस पाण्यात असू नये, हे त्यामागचे कारण. रस्त्यावर थकवा आला तर खाली बसता येते, पाण्यात कोठे बसणार?

पुढे २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, आणि एक गोष्ट आपल्या मंडळात मुद्दाम सांगण्याजोगी आहे. पहिली शर्यत बायकांची झाली, पुरुषांची दुसऱ्या दिवशी. स्वित्झर्लंडच्या ब्रिजिट मॅकमहन पहिल्या आल्या. दोन तासांहून थोडा अधिक वेळ ही शर्यत चालली, आणि पहिलीत व दुसरीत अंतर राहिले अवघे दोन सेकंदांचे. २०१२ साली लंडनला तर निकोला स्पिरिग आणि लिसा नॉर्डेन या दोघींची वेळ एकच लागली, १ तास ५९ मिनिटे ४८ सेकंद. शेवटी फोटो पाहून स्पिरिगबाईंना पहिला नंबर दिला. त्याच बाई २०१३ साली आई झाल्या आणि २०१६ साली रिओला दुसऱ्या आल्या. तान्हे मूल घरात असताना आपली काय अवस्था होते ते आपण जाणतोच, म्हणून हे सांगितले. आपल्याकडच्या मुलीही मागे नाहीत. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गुजरातच्या प्रज्ञा मोहन आणि आपल्या पुण्याची संजना जोशी या दोघी भारतातर्फे या शर्यतीत उतरल्या होत्या.

आता माझे. मी कृष्णाकाठच्या खेड्यातली. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवले, त्यामुळे पाण्याची ओळख होती. सायकलीची मात्र नव्हती. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर दुसऱ्या गावी होते आणि घरात सायकल एक. ती भावाकडे गेली आणि माझी शाळा तेथे थांबली. कोणाला दोष देत नाही, तेव्हा आमच्याकडे तशीच रीत होती. त्या भावाचीच मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली. ती या शर्यती करते. तिची सायकल आमच्या पडवीत उभी असे. येता जाता मी तिच्यावरची धूळ पुशी. एक दिवस ती म्हणाली, "आत्या, पुसतेस कशाला, बस की तिच्यावर!"

माझे वय तेव्हा ४२. शाळेच्या मैदानावर पहाटे पाचला, कोणी पाहू नये म्हणून अंधारात आम्ही जात असू. दोनदा पडले, कोपर सोलवटले. "आत्या, चाकाकडे बघू नको, पुढे बघ," हे तिचे पालुपद. तीन आठवड्यांत मी मैदानाला फेरी घालू लागले. पहिल्या दिवशी धड फेरी झाली तेव्हा मी थांबायचे विसरून सात फेऱ्या घातल्या, आणि घरी दूधवाला येऊन परत गेला.

आखूड शर्यतीचे मला आकर्षण का वाटले, तर पहिले कारण अगदी संसारी आहे. लांब शर्यतीच्या तयारीला रोज तीन-चार तास हवेत. ते मी कोठून आणू? स्प्रिंटला आठवड्याचे पाच-सहा तास पुरतात. पहाटे पाच ते साडेसहा, नळाला पाणी यायच्या आत. सोमवारी अंग मोकळे ठेवायचे. दुसरे कारण असे की यात कोणतीच एक गोष्ट मोठी नाही. ७५० मीटर म्हणजे आपल्या तलावाच्या २५ मीटरच्या टाकीत ३० खेपा. पाच किलोमीटर म्हणजे आपल्या वेशीपासून साखर कारखान्याच्या फाटकापर्यंत. एकेक काम आपल्यातल्या पुष्कळजणी करू शकतील. अवघड आहे ते एकाला दुसरे जोडणे.

आखूड आहे म्हणून सोपी, असे मात्र मुळीच समजू नका. लांब शर्यतीत माणूस चार पावले चालतो, बसून केळे खातो, पुन्हा निघतो. आखूड शर्यतीत ती सवड नाही. सारा वेळ आच मोठी ठेवायची आणि भाकरी तर करपू द्यायची नाही, अशी ही कसरत आहे. आरंभी सगळ्यांचीच घाई उडते. पहिल्या शंभर मीटरात जीव तोडून हात मारले की छाती भरून येते, आणि तेथून पुढे सावरणे कठीण जाते.

माझे तेच झाले. जानेवारी २०२४ मध्ये मी प्रथम नाव घातले. सासूबाईंची पोशाखावरून थोडी कुरबूर झाली होती. तिन्ही खेळांना एकच अंगासरशी पोशाख असतो, माझा गुडघ्यापर्यंत आणि बाह्यांचा होता. त्या म्हणाल्या, "पाण्यातून निघालीस की टॉवेल गुंडाळ." टॉवेल गुंडाळून सायकल कशी चालवणार, हे त्यांना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली! असो. सकाळी सात वाजता आम्ही तलावात उतरलो. पाणी गार, आणि गढूळ इतके की स्वतःचा हात दिसेना. टाकीत तळाला काळी रेघ असते, येथे तळच नाही. कोणाचा पाय माझ्या तोंडावर बसला, नाकात पाणी गेले, श्वास लागेना. विहिरीत वाढलेली मी, पण त्या क्षणी मला पोहणे येत नव्हते म्हणा ना. जवळ राखणीची होडी होती. मी तिची कड धरली. होडीतल्या मुलाने विचारले, "काकू, वर घेऊ का?" मी हो म्हटले. वर चढले आणि माझी शर्यत तेथेच संपली.

घरी येऊन दोन दिवस मी कोणाशी फार बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भाचीने नियमांचे पुस्तक काढले आणि कपाळाला हात लावला. होडी धरून विसावा घेण्याला मुभा असते! तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही, एवढाच नियम. सुटता येईल तेवढा दम खाऊन पुन्हा पोहत निघावे. हे सकाळी कर्ण्यावरून सांगितलेही होते, पण सगळे इंग्रजीतून. ती आपल्या सायकलीपाशी होती, मी घोळक्यात. माझ्यासारख्या चार-पाच बायका मान डोलावीत उभ्या होत्या. मला स्वतःची चूक कबूल आहे, मी विचारायला हवे होते. पण पाण्यात उतरणाऱ्या माणसाला जिवाची गोष्ट त्याच्या भाषेत सांगू नये, हे मला आजही पटलेले नाही. मी आयोजकांना तसे पत्र लिहिले. पुढल्या वर्षी सूचना मराठीतही झाल्या, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

त्या वर्षभरात मी उन्हाळा सोडून दर रविवारी भाचीबरोबर तलावावर गेले. एकटीने उघड्या पाण्यात कधी उतरू नये, हे मी येथे हात जोडून सांगते. कमरेला रंगीत फुगा बांधून ठेवत असू. तीन हात मारले की डोके उचलून समोरचे झाड पाहायचे, नाही तर माणूस भलतीकडेच जाते. दुसरी तयारी सायकलीवरून उतरताच पळण्याची. ज्यांनी केले नाही त्यांना हे खरे वाटणार नाही, पण तासभर सायकल मारून उतरले की पाय आपले राहत नाहीत, कोणाचे तरी लाकडी पाय उसने आणल्यासारखे वाटतात. मांड्यांना गोल फिरण्याची चाल लागलेली असते, तिला पळण्याची चाल पकडायला वेळ लागतो. एक किलोमीटर सोसले की पाय वळणावर येतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी उतरून दहा मिनिटे पळावे.

जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा नाव घातले. भाऊ गावाहून पहाटेच्या एस. टी. ने आला होता. तो मोजके बोलणारा. "हवा बघितलीस का?" एवढेच त्याने विचारले, आणि सायकल आत ठेवायला नेण्याआधी स्वतः वाकून दोन्ही चाके दाबून पाहिली.

या खेपेस मी सर्वांना पुढे जाऊ दिले आणि मागून उतरले. मध्यावर पुन्हा छाती भरली. मी होडी धरली. मुलगा तोच होता की दुसरा, देव जाणे. "वर घेऊ का?" तो म्हणालाच. "नको," म्हटले, वीस श्वास मोजले आणि सोडली.

कपडे-बुटांच्या जागी माझे हसे झाले. फोडणीचे साहित्य हाताशी मांडावे तशी मी मांडणी केली होती, शिरस्त्राण वर, त्यात चष्मा, खाली बूट. नियम असा की शिरस्त्राणाचा पट्टा आवळल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही, आणि आखलेल्या रेघेपलीकडे गेल्याशिवाय वर बसायचे नाही. ते सारे पाठ होते. पण ओल्या पायांत मोजे काही केल्या चढेनात! मोज्यांनी माझी तीन मिनिटे खाल्ली. सायकलीचे २० किलोमीटर मात्र सुखाचे गेले. परतीला समोरून वारा होता, तरी मला उतरूच नये असे वाटत होते. हायस्कूलच्या वाटेच्या तिप्पट अंतर, हा हिशेब मी मनात केला, खोटे कशाला बोलू?

पळताना पहिला किलोमीटर रडवेला गेला. वेळा अशा : पोहणे २६ मिनिटे, बदल ६, सायकल ५८, बदल ३, पळणे ४१. एकूण २ तास १४ मिनिटे. त्या लंडनच्या बाया याच्या दुप्पट अंतर याहून कमी वेळात तोडतात. माझ्यामागे चौघे होते, त्यांतले तिघे पुरुष, हे ह्यांनी आल्यागेल्याला सांगून झाले आहे.

एक उणे सांगायलाच हवे. हा खेळ खर्चाचा होत चालला आहे. लाखांच्या सायकली येतात, नाव घालायचे शुल्कही हलके नसते, आणि बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. साधी सायकल चालते, मी पाहिले आहे. ज्यांना दम्याचा, छातीचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्या तलावावर बायकांची वेळ दुपारी तीन ते चार आहे. ती घरच्या बाईला कशी जमावी? सकाळी सहाची मिळावी म्हणून अर्ज लिहून आणला आहे, तो दाराशी टेबलावर ठेवला आहे. त्यावर सह्या कराव्यात. आणि भाचीची जुनी सायकल आता माझी आहे. ज्यांना शिकायची आहे त्यांनी सोमवार सोडून कोणत्याही दिवशी पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर यावे. अंधार असतो, कोणी पाहत नाही.